उंच केलेल्या पिकअपची स्टेपनी कशी निवडायची

अमेरिकेत कोलोराडोला आल्यावर दुसऱ्या वर्षी मी जुनी टोयोटा टॅकोमा घेतली. आधीच्या मालकाने तिला तीन इंच लिफ्ट दिली होती, म्हणजे चॅसिस तेवढी वर उचलली होती, आणि चारही चाकांना जाड नक्षीचे मोठे टायर घातले होते. मी इंजिन पाहिलं, चॅसिसखाली वाकून गंज पाहिला, चार टायर दाबून पाहिले. पाचवा टायर हौद्याखाली लटकत होता, तो दिसला एवढंच. त्यावरचा आकडा वाचला नाही.

त्याची किंमत मोआब गावाजवळ कळली. आई-बाबा कराडहून आले होते, त्यांना युटाहचे लाल कडे दाखवायला नेलं होतं. कच्च्या रस्त्यावर एका धारदार दगडाने मागच्या उजव्या टायरची बाजू चिरली. ट्यूबलेस टायरला मधल्या भागात खिळा गेला तर दोरी भरून निभावतं, बाजू चिरली की तो टायर संपला. मी स्टेपनी खाली उतरवली आणि बाबा पहिल्यांदा बोलले, ‘ही तर लहान आहे रे.’ उभी करून शेजारी धरली तर दोन इंच बुटकी! कंपनीतून आलेली मूळ स्टेपनी तशीच राहिली होती. तिच्यावर आम्ही मोआबपर्यंत आलो खरे, पण कसे आलो ते पुढे येईलच.

तेव्हापासून कोणी मराठी मित्र इथे लिफ्ट केलेली पिकअप घ्यायला निघाला की मी आधी स्टेपनीबद्दल विचारतो. (दुकानात ‘स्टेपनी’ म्हणू नका, कोणाला कळत नाही, ‘स्पेअर’ म्हणा. शब्द मात्र अस्सल आहे. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ साली हे जादा चाक बनवायला घेतलं, त्या रस्त्याचं नाव आपण आजही वापरतो.) पुढचं सगळं अशाच नवख्या माणसासाठी आहे, ज्याने आयुष्यात कधी टायरवरचे आकडे वाचलेले नाहीत.

आधी चारही चाकं वाचा

ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर असतो. त्यावर टायरची साइज आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. लिफ्ट केलेल्या गाडीत साइजपुरता तरी त्या स्टिकरचा काही उपयोग नाही, तो कारखान्यातून निघालेल्या गाडीबद्दल बोलतो. तुम्ही खाली बसा आणि टायरच्या बाजूवर काय लिहिलंय ते कागदावर उतरवा. चारही टायरचं उतरवा, कारण जुन्या गाडीत पुढचे दोन एक आणि मागचे दोन दुसरे असंही सापडतं.

माझ्या टायरवर २८५/७०आर१७ लिहिलं आहे. २८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या सत्तर टक्के. १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात. आता हिशेब करा: २८५ चे सत्तर टक्के १९९.५. रिमच्या वर आणि खाली अशा दोन बाजू, म्हणून ३९९. सतरा इंची रिम ४३१.८ मिलिमीटर. बेरीज ८३०.८, म्हणजे ३२.७ इंच. इथले लोक याला ढोबळपणे ‘तेहतीस’ म्हणतात.

माझी जुनी स्टेपनी २६५/७०आर१६ होती. तोच हिशेब लावला तर ७७७.४ मिलिमीटर, ३०.६ इंच. फरक जवळजवळ सात टक्के.

हा हिशेब स्वतः एकदा करून पाहाच. दुकानदार ‘जवळपास सारखंच आहे’ म्हणाला तर तुमच्याकडे आकडा असायला हवा. रिमचा आकडा वेगळा असूनही उंची जुळू शकते, हेही यातूनच कळतं. २८५/७५आर१६ ची उंची ८३३.९ मिलिमीटर येते. म्हणजे सतरा इंची चाकांच्या गाडीला ही सोळा इंची स्टेपनी उंचीत चालून जाते, फरक तीन मिलिमीटरचा. कधी जुनी सोळाची रिम हाताशी असते, तेव्हा पैसे वाचवायचा हा सरळ मार्ग आहे. रिम ब्रेकवर बसते का, तेवढं मात्र आधी पाहायचं.

सात टक्क्यांनी काय होतं

लहान चाक तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घेतं. एकाच अ‍ॅक्सलवर एका बाजूला मोठं आणि दुसऱ्या बाजूला लहान चाक असलं की डिफरन्शिअलला (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या पेटीला) तो फरक सतत पोटात घ्यावा लागतो. वळणावर तो हेच काम करतो, पण चार सेकंद. इथे त्याला सरळ रस्त्यावरही विश्रांती नाही, तेल तापतं. मैलभराने काही बिघडत नाही, पन्नास मैलांनी बिघडू शकतं.

खरा त्रास फोर-व्हील लावल्यावर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ओढ दिल्यावर. टॅकोमासारख्या पार्ट-टाइम फोर-व्हील गाडीत ट्रान्सफर केस (ही ओढ पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडते, दोन्ही एकाच वेगाने फिरायलाच हवेत. मागे एक चाक लहान असलं की मागच्या शाफ्टला साडेतीन टक्के जास्त फिरायचं असतं आणि पुढचा त्याला फिरू देत नाही. वाळूत, मुरुमात चाकं थोडी घसरतात आणि ताण निघून जातो. कातळावर तो निघायला जागाच नसते. आम्ही चढावर फोर-व्हील लावली तेव्हा गाडी कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी आवळली, स्टिअरिंग जड झालं, आणि नंतर लिव्हर परत टू-व्हीलमध्ये येईना. थोडं मागे घेतल्यावर खाड्कन सुटली. आईने देवाचं नाव घेतलं. मागचा लॉकर तर अशा वेळी लावायचाच नाही, तो दोन चाकांना सक्तीने सारखं फिरवतो.

कधी नाइलाजाने लहान स्टेपनी लावावीच लागली तर ती पुढे लावा. मागचं चाक पंक्चर असेल तर पुढचं चांगलं चाक काढून मागे घाला आणि स्टेपनी पुढे. काम दुप्पट होतं, घाम निघतो. पण टू-व्हीलमध्ये ओढ मागच्या अ‍ॅक्सलवर असते, तिथली दोन्ही चाकं सारखी राहतात, आणि पुढचा डिफरन्शिअल भार ओढत नसतो. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला जाऊ शकते, एबीएसचा दिवा लागू शकतो. हळू चालवा आणि पहिल्या गावात थांबा. मला हे त्या दिवशी माहीत नव्हतं.

तेव्हा माझं मत सरळ आहे: स्टेपनी चार चाकांच्याच उंचीची हवी. ‘वेळ निभावण्यापुरती’ हे शहरातल्या मोटारीसाठी ठीक आहे. लिफ्ट केलेली पिकअप आपण घेतो ती मोबाइलला रेंज नसलेल्या ठिकाणी जाण्यासाठीच. मोआबशेजारच्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानातला व्हाइट रिम रस्ता शंभर मैलांचा आहे, वाटेत पेट्रोल नाही, पिण्याचं पाणी नाही. तिथून गाडी ओढून बाहेर काढायची तर बिल हजार डॉलरच्या पुढे जातं. त्या मानाने पाचवा टायर स्वस्त आहे.

झिजही मोजा

इथे पुष्कळ जण फसतात. साइज तीच घेतली, पण चार टायर झिजलेले आणि स्टेपनी कोरी. या टायरांची नवी नक्षी साधारण १५/३२ इंच खोल असते. तुमचे चार टायर ६/३२ वर आले असतील तर त्रिज्येत ९/३२ चा फरक, व्यासात त्याच्या दुप्पट, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त. टक्क्यांत पावणेदोन. पार्ट-टाइम गाडी एवढं सहन करते. कायम चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाड्या याबाबत फार नाजूक असतात, त्यांच्या पुस्तिकेत मर्यादा दिलेली असते, ती पाळा.

यावर उत्तम उपाय म्हणजे पाचही टायर एकदम घ्यायचे आणि पाचही फिरवायचे. दर पाच-साडेसात हजार मैलांना मागची दोन्ही सरळ पुढे न्यायची, पुढचं उजवं मागे डावीकडे, स्टेपनी मागे उजवीकडे, आणि पुढचं डावं स्टेपनीच्या जागी. पाचही सारखे झिजतात, चारचा संच जास्त मैल टिकतो, आणि स्टेपनी हौद्याखाली वर्षानुवर्षं सडत नाही. एकदम पाच घ्यायला पैसे जास्त लागतात हे मान्य. टायर आधीच अर्धे झिजले असतील तर त्याच साइजचा अर्धा झिजलेला एक वापरलेला टायर शोधा. तो कोऱ्यापेक्षा जास्त जुळतो आणि खिशालाही झेपतो.

वापरलेला घेताना जन्मतारीख बघा. बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणारी ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे पाहा. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ही ओळ पूर्ण स्वरूपात कधी टायरच्या एकाच बाजूला असते, म्हणून दुसऱ्या बाजूनेही बघा. काही मोटार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. नक्षी कितीही चांगली दिसली तरी दहा वर्षांपुढे टायर वापरू नये, असं टायर बनवणारे सांगतात. स्टेपनीची नक्षी नेहमीच चांगली दिसते, कारण ती धावलेलीच नसते. रबर मात्र बसल्या जागी म्हातारं होतं. नखाने बाजू दाबून थोडी ताणा, बारीक भेगा दिसल्या तर दुकानदाराला नमस्कार करून निघा.

भार-निर्देशांकही पाहून घ्या. साइजच्या पुढे १२१/११८ असं काही लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा आपल्या कामाचा. १२१ म्हणजे योग्य दाबावर एका टायरला १,४५० किलो, ११६ म्हणजे १,२५०. हौद्यात तंबू, पाण्याच्या टाक्या, पेट्रोलचे कॅन घेऊन फिरणार असाल तर स्टेपनीचा आकडा चार टायरांपेक्षा कमी नको.

रिम आणि नट

टायर जुळला तरी काम अर्धंच झालं. चाक गाडीला रिमने लागतं.

माझ्या टॅकोमाला सहा बोल्ट आहेत, १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर, आणि हबवर (रिम जिच्यावर बसते त्या मधल्या गोल भागावर) बसणारं रिमचं मधलं भोक १०६.१ मिलिमीटरचं. शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० लाही सहा बोल्ट आणि १३९.७ च आहे. म्हणून कोणी सांगेल, तिची रिम स्वस्तात मिळतेय, घे. पण तिचं मधलं भोक ७८.१ चं, टोयोटाच्या हबवर ती शिरणारच नाही. फोर्ड एफ-१५० ला २००४ पासून सहा बोल्टच आहेत, पण १३५ च्या वर्तुळावर. डोळ्याला फरक कळत नाही, बोल्टला कळतो. म्हणून बोल्टांची संख्या, वर्तुळ आणि मधलं भोक, तिन्ही लिहून दुकानात जा.

आता नट. मोआबच्या वाटेवर मला सगळ्यात जास्त घाम याने फोडला. टोयोटाच्या मूळ अ‍ॅलॉय रिमला सरळ भोकं असतात. त्यांचा नट खाली नळीसारखा आणि त्याला सपाट वॉशर. बाहेरून घेतलेल्या बहुतेक रिमांना निमुळता, शंकूसारखा नट लागतो. आधीच्या मालकाने चाकांबरोबर नटही बदलले होते आणि स्टेपनी मूळ अ‍ॅलॉय रिमवर होती. निमुळता नट सरळ भोकाच्या कडेला नुसता टेकतो, बसत नाही. पाना मारला की घट्ट वाटतो. तीन मैलांवर मागून टकटक यायला लागली, उतरून पाहिलं तर दोन नट हाताने फिरत होते. मोआब येईपर्यंत चार वेळा थांबून आवळले. बाबा प्रत्येक वेळी पुढच्या चाकाला दगड लावत होते आणि काढत होते.

तुमच्या स्टेपनीची रिम आणि खिशातले नट यांची बैठक जुळते का, हे घरीच पाहा. जुळत नसेल तर स्टेपनीच्या रिमचे सहा नट वेगळे विकत घेऊन कापडात बांधून जॅकजवळ ठेवा. दहा-पंधरा डॉलरचं काम आहे. चोरी टाळायचे खास नट असतील तर त्यांची किल्लीही तिथेच. किल्ली घरच्या ड्रॉवरमध्ये आणि गाडी डोंगरात, असं झालेला माणूस मी पाहिला आहे.

मोठा टायर मूळ रिमवर चढवून स्टेपनी करणार असाल तर आणखी एक गोष्ट. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणारा भाग किती मिलिमीटर बाहेर आहे तो आकडा. माझ्या मूळ रिमचा ऑफसेट +३० आहे, बाहेरून घेतलेल्या रिमचा पुष्कळदा शून्य किंवा उणे. म्हणजे तोच टायर मूळ रिमवर तीन सेंटिमीटर आत सरकतो आणि पुढे लावला तर सस्पेन्शनच्या वरच्या आर्मला घासू शकतो. यावर वाद घालत बसू नका. पुढे लावा, जॅकवरून उतरवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा, आणि आत हात घालून बघा बोट जातं का. बोट गेलं की झालं.

ठेवायची कुठे

मूळ जागा हौद्याखाली, साखळी किंवा तारेच्या चरख्यावर. टेप घेऊन गाडीखाली झोपा आणि मोजा: चॅसिसच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, अ‍ॅक्सलपासून मागच्या बंपरपर्यंतचं अंतर, सायलेन्सरचा पाइप किती जवळ आहे. लिफ्टने गाडी उंच होते, चॅसिस रुंद होत नाही, त्यामुळे जागा तेवढीच राहते. तेहतीस इंची टायर टॅकोमाखाली बसतो, पण कोंबल्यासारखा. टायर वर ओढून घेतल्यावर पाइप आणि टायर यांच्यात मोकळी जागा राहिली पाहिजे, गरम पाइप रबराला भाजतो. आणि चरख्याची थाळी रिमच्या मधल्या भोकात नीट बसायला हवी. बाहेरच्या रिमचं भोक मोठं असलं तर थाळी तिरकी राहते, चाक हलतं, तार झिजते.

ती तार मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. कोलोराडोत हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड शिंपडतात, ते गाडीखालच्या प्रत्येक लोखंडाला धरतं. वर्षानुवर्षं न फिरवलेला चरखा ऐन वेळी फिरत नाही, स्टेपनी दिसते पण खाली येत नाही. वर्षातून दोनदा चाक पूर्ण खाली उतरवा, तार पुसा, वंगण लावा, परत चढवा. मागचा बंपर बाहेरचा बसवला असेल तर दांडी घालायचं भोक मोकळं आहे ना, तेही पाहा.

खाली मावत नसेल तर हौद्यात उभी करून पट्ट्यांनी बांधता येते, किंवा मागच्या बंपरवर दारासारखा उघडणारा स्टँड येतो. वजन विसरू नका. या साइजचा दहा-प्लायच्या दर्जाचा (जास्त भार पेलणारा) टायर पंचावन्न पौंडांच्या आसपास, रिम धरून ऐंशी, म्हणजे छत्तीस किलो. लिफ्ट केलेल्या गाडीच्या हौद्यात ते छातीपर्यंत उचलावं लागतं. ज्यांची पाठ दुखते त्यांनी हौद्याखालचीच जागा धरून ठेवावी, हे कळकळीने सांगतो. स्टँड सोयीचा आहे, पण महाग आणि जड, आणि हौदा उघडताना दर वेळी आधी तो बाजूला करावा लागतो.

घरी एकदा चाक बदला

सगळं जमलं की रविवारी सकाळी अंगणात, सपाट जागी, गाडीतल्याच सामानाने एक चाक बदला. गॅरेजमधला मोठा जॅक बाजूला ठेवा. इथेच कळतं की कंपनीचा जॅक चॅसिसला पोचत नाही, कारण लिफ्टने चॅसिस वर गेली आहे. मागे तो अ‍ॅक्सलच्या खाली लावा. अ‍ॅक्सल लिफ्टने उचलला जात नाही, फक्त टायरच्या अर्ध्या फरकाने वर येतो, आपल्या उदाहरणात एका इंचाने. पुढे गाडीच्या पुस्तिकेत दिलेली जागा बघा. रिकामं चाक काढण्याएवढी उंची पुरली तरी हवा भरलेलं चाक घालायला आणखी लागते, हेही घरीच समजतं. जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीची जाड फळी घ्या, वाळूत तिच्याशिवाय जॅक जमिनीतच शिरतो.

नट आधी जमिनीवर असताना सैल करा, चढवताना चांदणीच्या आकारात समोरासमोरचे आवळा. माझ्या टॅकोमाचे नट आवळायला ८३ फूट-पौंडांचा जोर लागतो, तुमचा आकडा पुस्तिकेत असेल. पन्नास-शंभर मैलांनी परत एकदा पाना लावा. टायरदाबाचा सेन्सर स्टेपनीत नसेल तर डॅशबोर्डवर दिवा लागेल, त्याने घाबरू नका. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून हलक्या गाड्यांना ही दाब दाखवणारी यंत्रणा सक्तीची आहे, पण स्टेपनीत सेन्सर असतोच असं नाही. पाचही चाकं फिरवणार असाल तर मात्र पाचव्यातही बसवून घ्या.

भारतात हे वाचणाऱ्यांसाठी एवढंच: टायरचे हिशेब तिथेही हेच, पण लिफ्ट करायच्या आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीच्या मूळ रचनेत फरक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलं आहे.

राहिली हवा. बाजूवर लिहिलेला ८० पीएसआय हा कमाल दाब, चालवायचा नव्हे. मी चार चाकांत ३६ ठेवतो आणि स्टेपनीत ४५, कारण जास्तीची हवा सोडायला एक काडी पुरते आणि कमी पडलेली भरायला पंप लागतो. दर दहा अंश फॅरनहाइट थंडी वाढली की साधारण एक पीएसआय उतरतो, त्यामुळे ऑक्टोबर आणि मार्चमध्ये मी गेज घेऊन गाडीखाली जातो. बाबा कराडहून व्हिडिओ कॉलवर असले तर फोन आत धरायला लावतात, आणि मला काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवावा लागतो.